दुसरा स्कोअरर

त्या रविवारी सकाळी आठच्या आत आप्पांची आंघोळ झाली होती आणि टेबलावर दोन वह्या, दोन पेन्सिली, एक खोडरबर मांडून झालं होतं. सामना रात्री आठला होता, दुबईत.

"अजून बारा तास आहेत, आप्पा."

"असू दे की. वही लवकर उघडली म्हणून मॅच लवकर सुरू व्हत न्हाय, येवडं कळतंय मला."

दोन वह्या कशासाठी, ते सांगायला हवं. माझे वडील, भीमराव बनसोडे, सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मागावर होते. तेव्हा गिरण्यांचे क्रिकेटचे संघ असत. आप्पांना संघात कुणी घेतलं नाही. अक्षर चांगलं आहे म्हणून स्कोअर लिहायची वही दिली. समोरच्या गिरणीची वही दस्तगीर मुजावर यांच्याकडे असे. दोन संघांचे दोन स्कोअरर एकाच टेबलाशी, मांडीला मांडी लावून बसतात. दोघंही तोच सामना आपापल्या वहीत लिहितात. ओव्हर संपली की एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने "बरोबर" म्हणायचं. जुळला नाही तर दोघांनी मिळून चूक शोधायची. सामना संपला की एकमेकांच्या वहीवर सही आणि हातात हात. कुणीही जिंकलेलं असो.

गिरण्या बंद पडल्या, दोघं यंत्रमागावर गेले, पण वह्या सुटल्या नाहीत. भारत-पाकिस्तान सामना असला की दस्तगीरचाचा आमच्या भवानी पेठेतल्या खोलीत यायचे, कागदात भजी घेऊन. दोन संघ म्हणजे दोन स्कोअरर, म्हणजे एकाला पाकिस्तानची वही घ्यावी लागणार. पहिल्या पानावर वर संघाचं नाव, खाली स्कोअररचं. माझ्या लहानपणी दोघांनी नाणं उडवलेलं मला आठवतं. पुढे नाणं कधी बंद झालं ते लक्षात आलं नाही. पाकिस्तानखाली कायम आप्पांचंच नाव दिसू लागलं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "दस्तगीरला इंडियाची वही दिल्याशिवाय भजी गरम आणत न्हाय तो."

चार वर्षांपूर्वी मी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि आप्पांना घेऊन आले. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. हा मी पाहिलेला सातवा फ्लॅट. आधीच्या सहांपैकी दोन, मी आडनाव सांगितल्यावर, संध्याकाळपर्यंत विकले गेले होते. इथे राहायला आल्यावर मी जिन्यात चप्पल ठेवत नसे, टीव्ही कमी आवाजात लावत असे, मेंटेनन्स एक तारखेला देत असे. तक्रारीला जागा ठेवायची नाही, एवढंच माझं धोरण होतं.

फेब्रुवारीत एक सामना दुपारी होता. चाचा आले होते. टाकी धुण्याची नोटीस द्यायला सोसायटीचे सेक्रेटरी सयाजी माने दारात आले आणि बोलत बोलत आत आले. त्यांची नजर वहीवर गेली.

"काय काका, तुम्ही पाकिस्तानचे?"

"आज हाय की," आप्पा म्हणाले. "त्यांचंबी कुणीतरी खरं लिवाय पायजे."

सगळे हसले. माने दोन भजी खाऊन गेले. मीही हसले होते.

मग एप्रिल आला, काश्मीरमध्ये माणसं मारली गेली. मे महिन्यात सीमेवर चार दिवस जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर दर पाच मिनिटांनी काहीतरी येत होतं. एका रात्री मान्यांनी लिहिलं, "शत्रू फक्त सीमेपलीकडे नाही. आपल्या बिल्डिंगमध्येपण एकजण पाकिस्तानची वही लिहितात." पुढे हसण्याची तीन चित्रं. खाली अकरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली. एकाने फक्त विचारलं, "कोण?" त्याला ग्रुपवर कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन चाचांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेऊ लागला. बाकी कुणाच्या पाहुण्यांचं लिहीत नव्हता. चाचा सही करायचे आणि वर येऊन म्हणायचे, "तेरे बिल्डिंगमें बडा मान हाय मेरा. ऑटोग्राफ लेते."

आप्पांकडे साधा फोन होता. ग्रुपवरचं त्यांना मी कधी दाखवलं नाही.

सप्टेंबरच्या त्या रविवारी सकाळपासून ग्रुप चालू होता. सामना बघू नका. टीव्ही बंद ठेवा. ज्यांची माणसं गेली त्यांचा विचार करा. यात मला चुकीचं वाटण्यासारखं काही नव्हतं. मलाही तो सामना खेळू नये असंच वाटत होतं. पण साडेअकराला मान्यांचा मेसेज आला. "आज ज्यांच्या घरी मॅच लागेल त्यांची नोंद ठेवली जाईल. बाहेरच्या पाहुण्यांना पार्किंगमध्ये गाडी लावू देऊ नये."

बाहेरचे पाहुणे. आमच्या बिल्डिंगमध्ये सामना बघायला बाहेरून एकच पाहुणा येत असे.

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि चाचांना फोन लावला.

"चाचा, आज येऊ नका. आप्पांना बरं नाही."

"क्या हुआ?"

"अंगात कणकण आहे. झोपलेत."

"डाक्टर को दिखाया?"

"गोळी दिली. आता झोपू द्या त्यांना."

"हौ बेटा. मैं नै आता." मग म्हणाले, "फोनबी नै करता. नींद मोड होती उसकी. सुबह तू कर मेरेको."

बाहेर आप्पा शेंगा भाजायला सांगत होते. चाचांना खारवलेल्या चालत नाहीत, साध्याच भाज.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "चाचांचा फोन होता. येत नाहीत म्हणे."

"का?"

"काही बोलले नाहीत. जमणार नाही, एवढंच."

आप्पा खुर्चीवर बसून होते. त्यांनी एक पेन्सिल उचलली, टोक बोटाला लावून पाहिलं, परत ठेवली. मला वाटलं ते आता चाचांना फोन लावतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं: बाहेर गेलेत, फोन घरी ठेवून. पण त्यांनी फोनला हात लावला नाही.

"भ्यालं असंल," ते म्हणाले. "त्याचं बी बरोबर हाय. दिवस तसलं हायत."

"तुम्ही बोलता का त्यांच्याशी?" मी का विचारलं कोण जाणे.

"नगं. त्याला आवघड वाटंल. सांगायचं असतं तर सांगितलं असतं की त्यानं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण माझ्याकडं यायला भ्यायला नको हुतं."

त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, पुस्तकांचं कपाट पुसलं, दोनदा गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. चाचांची जुनी स्कूटर येईल आणि वॉचमन अडवेल असं वाटत होतं. येणार नाही हे मलाच माहीत होतं, तरी पाहत होते.

साडेसातला मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि टीव्ही लावला. आवाज इतका कमी की आप्पा पुढे सरकून बसले. नाणेफेक झाली. दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले नाहीत.

"इसरले का काय?" आप्पा म्हणाले.

"नाही. ठरवूनच."

दुसरी वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. "बस हितं. लिव."

"मला नाही येत, आप्पा."

"दस्तगीर न्हाय म्हणल्यावर कुणीतरी बसाय पायजे. एकट्याची वही खरी धरत न्हाईत."

मी बसले. पहिल्या पानावर मी भारत लिहून खाली माझं नाव घातलं, धम्मप्रिया बनसोडे. त्यांनी नेहमीसारखं पाकिस्तान, भीमराव बनसोडे. ओव्हर संपली की ते आकडा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला "बरोबर" म्हणायचं लक्षात राहत नव्हतं. माझा अर्धा जीव दाराकडे होता. तिसऱ्या ओव्हरला आमचे आकडे जुळले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला आणि माझी वही वाचली.

"लेगबाय फलंदाजाच्या नावावर टाकलीस. पायाला लागून गेला चेंडू. त्यानं न्हाय मारला. जे त्यानं केलं न्हाय ते त्याच्या नावावर घालू नगं."

मी खोडून नीट केलं.

पाकिस्तानचे चार गडी बाद झाले आणि दारावरची बेल वाजली. मी दोन्ही वह्या उचलून वर्तमानपत्राखाली सारल्या, टीव्ही बंद केला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांची वही अशी ओढून घेतलेली त्यांनी पाहिली नव्हती.

दारात सयाजी माने होते. हातात लिफ्टच्या दुरुस्तीचा कागद. त्यांनी कागद दिला, माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, किती झाले?"

मला कळलं नाही.

"मॅच हो. आमच्या हितं बंद ठेवलाय टीव्ही. मीच सांगितलंय सगळ्यांना, आता मीच कसा लावू? बायको म्हणती, मोबाइलवर बघा. तिच्यासमोर कसं बघायचं?"

"चार गेलेत," आप्पा आतून म्हणाले. "या, बसा. आज वहीला माणूस कमीच हाय."

"नको नको. कुणी बघितलं तर." माने मागे सरकले. "आज ते तुमचे मुजावर नाहीत?"

"न्हाईत."

"चांगलं झालं," माने म्हणाले. त्यात राग नव्हता. रिक्षा वेळेवर मिळाली म्हटल्यासारखं म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी दार लावलं. टीव्ही पुन्हा लावला तेव्हा पाच चेंडू होऊन गेले होते. आप्पांनी ती जागा मोकळी सोडली. "बघितलं न्हाय ते लिवायचं न्हाय," म्हणाले, आणि पुढची ओव्हर लिहू लागले. वही मी का लपवली हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, असं मी पुढे सात दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरं आहे का, मला माहीत नाही.

भारत जिंकला. भारताचे खेळाडू हात न मिळवताच आत गेले; त्यांनी दार लावून घेतल्याचं टीव्हीवर दाखवत होते. आप्पांनी माझ्या वहीवर सही केली, आपली वही माझ्यासमोर धरली, मी सही केली. मग त्यांनी हात पुढे केला. त्यांचा हात कोरडा आणि ऊनऊन होता. तिथे, त्या क्षणी, सांगायला काहीच हरकत नव्हती. चाचा भ्याले नाहीत, आप्पा. एवढं पुरलं असतं.

"झोपा आता," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आप्पा कॉटवर भिंतीला पाठ टेकून बसले होते. एका पायात चप्पल होती. दुसरी शोधायला वाकून परत मागे टेकले असावेत.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. तपासलं, घड्याळ पाहिलं. हृदय बंद पडलं म्हणाले. "काल काही त्रास? ताप, छातीत दुखणं, अस्वस्थपणा?"

"नाही. काहीच नाही."

मी चाचांना फोन केला. आप्पा गेले, म्हणाले. चाचा म्हणाले, "कलच आनेवाला था मैं."

अर्ध्या तासात ते आले. वॉचमनने त्या दिवशी रजिस्टर पुढे केलं नाही. केसरबाई आत्या भवानी पेठेतून त्यांच्या आधीच पोचली होती. चाचा तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "कलसे बीमार था साहब. बुखार था. आंगात कणकण होती. इसने गोळी दी थी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा कागद अजून लिहून व्हायचा होता. मी खाली बघत होते.

"काल बरं नव्हतं?" आत्या म्हणाली. "मग दवाखान्यात का न्हेलं न्हाईस गं?"

मी आप्पांच्या पायातली ती एक चप्पल काढून कॉटखाली ठेवली.

"गोळी दिली म्हणं. गोळीनं काय हुतंय? इतकी शिकलेली तू. माझा भाऊ तुझ्या जिवावर सोडला हुता."

तिला ते बोलू देणं सोपं होतं. दवाखान्यात नेलं नाही ही चूक लोकांना समजते, ती हजार घरांत होते, तिच्यावर माणसं पुढे मायेने बोलतात. मी ती चूक उचलली आणि आपल्या अंगावर घेतली. दिवसभर जो येईल त्याला आत्या तेच सांगत होती आणि संध्याकाळी स्मशानातून परत येईपर्यंत ते खरं होऊन गेलं होतं: भीमराव रविवारी आजारी होते. पोरीनं लक्ष दिलं नाही. पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला माझा आवाज बसला. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, अशी ती ओळ आहे. शेजारच्या बायकांना वाटलं, रडू आलं.

सातव्या दिवशी, रविवारी, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. गाड्या बाहेर काढायला मान्यांनीच लोकांना सांगितलं, मंडपाची दोरी स्वतः बांधली. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा भारत-पाकिस्तान सामना होता. खुर्च्या लावणारी माणसं हळू आवाजात तेच बोलत होती, मी जवळ गेले की थांबत होती. पुढच्या ओळीत आत्या, मागे बिल्डिंगमधली वीस-पंचवीस माणसं, अगदी कडेला भिंतीजवळ दस्तगीरचाचा. पांढरा सदरा, टोपी. त्यांच्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

वंदना झाली, पाणी सोडून झालं. मग आदरांजलीची भाषणं. माईक आत्याच्या मुलाकडे, दिपककडे होता. गिरणीतले एक-दोघं बोलले, आप्पा पेपर वाचायला जायचे त्या वाचनालयातला एकजण बोलला. दिपकने चाचांचं नाव घेतलं तेव्हा ते उठायला तयार नव्हते. लोकांनी माना वळवल्या, मग उठले.

त्यांना मराठी चांगलं येतं. सभेत ते मराठीच बोलतात.

"भीमा आणि मी शत्रू होतो," ते म्हणाले. "त्याची गिरणी वेगळी, माझी वेगळी. चाळीस वर्षं शेजारी बसून शत्रू होतो." काही जण हसले. "भारत-पाकिस्तानला आम्ही नाणं उडवायचो. ज्याच्याकडं पाकिस्तान येईल तो लिहील. मग कारगिलचं साल आलं. तिकडं लढाई, इकडं वर्ल्ड कपमध्ये मॅच. मी नाणं काढलं तर भीमानं माझी मूठ धरली. म्हणला, आजपासून नाणं बंद. पाकिस्तान माझ्याकडं. तुझ्या नावावर ते दिसलं तर लोक विचारत बसतील. माझ्या नावावर बघून हसतील, एवढंच."

मागच्या ओळीत कुणीतरी खुर्ची हलवली. मी मान्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"सव्वीस वर्षं त्यानं ती वही घेतली. आणि मी काय केलं? मागच्या रविवारी हिचा फोन आला, आजारी आहे म्हणून. मी म्हणलं, झोपू दे. घरी बसलो, टीव्ही लावला, वही लिहिली. दोस्त इकडं जायला लागला होता आणि मी तिकडं रन मोजत होतो." त्यांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पोरीला कुणी काही बोलू नका. केसरबाई, तुम्हीपण नको. तिनं मला कळवलं होतं. आजारी आहे म्हणल्यावर माणूस धावत येतो. मी आलो नाही. चूक माझ्या नावावर घाला."

आत्याने पदर डोळ्याला लावला. मागून कुणीतरी "असं नाही, काका" म्हणालं. चाचा माईक दिपककडे देत होते. दिपक पुढचं नाव शोधत कागद बघत होता.

मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. मी बोलणार नाही असं आधीच सांगितलं होतं. मला दिसत होतं की मी काय करणार आहे हे लोकांना कळायच्या आत अजून परत बसता येईल. सगळी बिल्डिंग समोर होती. इथे मला राहायचं आहे, अजून वीस वर्षांचे हप्ते आहेत, रोज याच माणसांबरोबर लिफ्टने वर-खाली जायचं आहे. दिपकने माझ्या हातात माईक दिला. माझ्या श्वासाचा आवाज पार्किंगभर झाला.

"चाचा," मी म्हणाले. ते अजून उभेच होते.

"चाचा, आप्पा आजारी नव्हते. त्यांना काही झालं नव्हतं, ते सकाळपासून तुमची वाट बघत होते. तुम्ही येऊ नये म्हणून मी खोटं सांगितलं. मी या बिल्डिंगला भ्याले. आणि आप्पांना सांगितलं की तुम्हीच येत नाही म्हणालात, कारण न सांगता. त्यांना वाटलं, दस्तगीर माझ्याकडे यायला भ्याला. रात्री हात मिळवेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी सांगितलं नाही. ते तसंच समजून गेले."